पॅनेलखालच्या चपला

वसंता, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. डाव्या हाताने करावी लागते, त्यामुळे सकाळचा अर्धा तास त्यातच जातो. शीतलने फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे कुसुमवहिनी होत्या. त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत माझ्या तोंडून शिवी निघाली आणि ती तुला होती. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मेलेल्या माणसाला शिवी देऊ नये, एवढं मलाही कळतं. पण अकरा वर्षं मी तुझ्यासाठी एक थापड राखून ठेवली होती. डाव्या हाताची, कारण उजवा तू ठेवला नाहीस. ती न खाताच तू अकोल्यात आपलं आटोपून मोकळा झालास.

तेरवीला मंडळी तुझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलली. सालस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी गोड बोलायला बसलेलो नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि त्यातला माझा अर्धा भाग मला बोलून टाकायचा आहे. तू ऐक. उत्तर देता येत नाही, हा तुझा दोष.

आपलं उपकेंद्र अमरावतीहून दीड तासावर, संत्र्याच्या बागांमध्ये. नाव मुद्दाम लिहीत नाही, आज तिथे राबणाऱ्या पोरांचा काही संबंध नाही. तू आत पॅनेलपाशी ऑपरेटर, मी बाहेर खांबावर लाइनमन. तू हँडल पाडलंस की तार मुकी व्हायची, तू उचललंस की बोलायची. मधे माझा, या पंजाबचा, जीव. लाइन बंद असल्याच्या परमिटचा कागद होता, पण तो कधी आधी लिहिला जायचा, कधी नंतर. खरं परमिट म्हणजे चपला. ज्या फीडरवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवर, काम असेल त्याच्या पॅनेलसमोर काळी रबरी मॅट असायची. लाइनमनने आपल्या चपला त्या मॅटवर मधोमध काढायच्या, बूट घालायचे आणि जायचं. जोवर चपला मॅटवर आहेत, तोवर माणूस लाइनवर आहे. तोवर हँडलला हात नाही. कागद विसरता येतो, पण माणूस चपला घ्यायला परत येतोच, असं तू नव्या पोरांना समजावून सांगायचास. ही रीत कोणत्या पुस्तकात नव्हती. तिच्यावर आपण सतरा वर्षं जगलो.

तुला मी झोप्या म्हणायचो. सगळं उपकेंद्र म्हणायचं, पण नाव माझंच. आपण दोघं अकोल्याला तुझ्या सासुरवाडीला निघालो की बडनेरा यायच्या आत तुझे डोळे मिटलेले. उभं राहून, वरच्या दांडीला एक हात, आणि चक्क घोरायचास. मूर्तिजापूरला गाडी थांबली की भज्यांच्या वासाने उठायचास आणि मलाच विचारायचास, "काहून बे, तू झोपला नाईस?" मी छाती फुगवून सांगायचो की मला चार तास पुरतात. वादळाच्या दिवसांत मी दोन दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता काम केलं होतं आणि ते पदक लावल्यासारखं मिरवत होतो.

तू मात्र त्या बाबतीत हट्टी. रात्रपाळी करून आलास की घरी दार लावून सात तास निजायचास. लग्न असो, वास्तू असो, कुणी येवो. "झोप झाल्याबिगर मी हँडलले हात लावत नाई," म्हणायचास. "हात मंग माहा राहत नाई." मी हसायचो. म्हणायचो, हात तोच, पाच बोटं तीच, तो कुठे जातो? तू म्हणायचास, "हात नाई जात लेका. पाह्यनारा जाते." हे भांडण आपण शंभरदा तरी केलं असेल. दरवेळी मी जिंकायचो, कारण माझा आवाज मोठा होता.

एक दुपार मी विसरलेलो नाही. विसरायचा खूप प्रयत्न केला, कारण ती आठवली की राग पातळ होतो. मी शेतीच्या फीडरवर खांबावर होतो, दोन्ही हात तारेवर. आत साहेब आले. कोणा बड्या माणसाच्या बागेतला पंप बंद होता आणि त्यांना ताबडतोब सप्लाय सोडून हवा होता. तू मॅटसमोर उभा राहिलास. "साहेब, पंजाबच्या चपला हायेत."

"अरे, बसला असेल कुठं झाडाखाली बिडी फुंकत."

"बसू द्या. चपला उचलल्याबिगर सोडत नाई."

साहेबांनी तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू जागचा हलला नाहीस. मी परत आलो, चपला घातल्या, तेव्हा तू हँडल उचललंस आणि म्हणालास, "आता चहा पाज." मी बिडी ओढत नाही, हे साहेबांना सांगायला हवं होतं एवढंच मी त्यावर बोललो. आभार मानले नाहीत. आज मानतो. त्या दिवशी तू पुरता निजून आला होतास.

आणि म्हणूनच वसंता, माझा हात गेला त्या दुपारचा हिशोब मला लागत नव्हता.

आदल्या दिवशी वादळ होऊन गेलं होतं. खांब आडवे, तारा बांधावर. तीनच्या सुमारास मी आत आलो, शेतीच्या फीडरच्या मॅटवर चपला काढल्या. तू खुर्चीत ताठ बसला होतास, डोळे लाल. म्हणालास, "लवकर आटोप बाप्पा, मले झोप यून राह्यली."

मी म्हणालो, "तुले कधी नसते येत?" आणि हसत गेलो. तू किती वेळ तिथे आहेस, एवढं विचारायला मला दोन शब्द पडले असते. चुकून सोडलेला सप्लाय जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा आपल्याकडे एकच होता आणि तो दुसऱ्या गँगकडे गेला होता. चपलांच्या भरवशावर मी वर चढलो.

पुढचं मला चौकशीतून कळलं. गावातून पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला, गावठाणाची लाइन सोडा म्हणून. तू "हो, सोडतो" म्हणालास. उठलास. गावठाणाच्या पॅनेलऐवजी शेतीच्या पॅनेलसमोर गेलास. माझ्या चपला मॅटवरून पायाने बाजूला केल्यास, मॅटवर नीट उभा राहिलास आणि हँडल उचललंस. मी ओल्या मातीत पडलो म्हणून वाचलो. हात वाचला नाही.

चौकशीच्या फोटोत त्या चपला होत्या. भिंतीला लागून, जोडीने ठेवलेल्या, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे. हात गेल्याचं दुःख मी एखादे वेळी गिळलं असतं. तो फोटो गिळता आला नाही. चुकून न दिसणं मी समजू शकतो. पण तू पाहिल्यास, सरकवल्यास, नीट जोडून ठेवल्यास आणि मग मला मारलंस. असं कोण करतं? रात्रंदिवस मी त्या दोन चपलांवर राग शेकत बसलो.

चौथ्या दिवशी तू अमरावतीला दवाखान्यात आलास. खाटेच्या पायथ्याशी उभा. हातात संत्र्यांची पिशवी, तीही सोलून खाता येणार नाहीत अशा माणसासाठी. मी म्हणालो, "जाय इथून. जिंदगीत झोप लागनार नाई तुले. माहा शब्द हाय." तू पिशवी खाली ठेवलीस आणि गेलास. ते आपलं शेवटचं बोलणं.

मग चौकशीचा कारकून आला. ऑपरेटर झोपला होता का, त्याने विचारलं. मी म्हणालो, "झोपलाच असन. झोप्याच म्हन्ते त्याले सारे. मले म्हनत होता, झोप यून राह्यली." त्याने मान डोलावली आणि भरभर लिहिलं. मी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. चेष्टेत ठेवलेलं नाव आणि तू मला दिलेला इशारा, दोन्ही मी तुझ्याविरुद्ध लिहून दिले. तुझ्या कागदावर ओळ पडली: कर्मचारी कर्तव्यावर झोपला होता. त्या ओळीसकट तुला अकोल्याकडे फेकलं. मला वाटलं, मी सूड घेतला. चार रात्री गाढ झोपलो.

तू दरवर्षी अर्ज करत होतास, ती एक ओळ काढा म्हणून, हे माझ्या कानावर येत होतं. मी म्हणायचो, करू दे. ओळ निघाली तर हात परत येणार आहे का?

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी शीतल अमरावतीत मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. लक्ष, स्मरण, असलं काहीतरी प्रॅक्टिकल चाललं होतं. जेवताना म्हणाली की जागरण झालेल्या माणसाला आपण किती चुकतो आहोत हेच कळत नाही. मी ताट बाजूला केलं. म्हणालो, हे तुमचे पुस्तकातले चाळे आहेत, मी दोन दोन दिवस जागून खांबावर चढलो आहे. तू किती तास जागा होतास ते तोवर मला माहीत नव्हतं. चौकशीत कुणीतरी एकतीस तास म्हणालं होतं आणि मी ते थाप समजलो होतो. "तू माह्यावर कर प्रयोग," मी पोरीला म्हणालो. "एकतीस तास जागतो. मंग पाहू कोन चुकते." मला विज्ञान नको होतं. तू कामचोर होतास याचा पुरावा हवा होता, घरच्या घरी, माझ्याच पोरीच्या हातून.

ती तयार नव्हती. मी ऐकलं नाही.

घरात पाच ठिकाणी दिव्यांचे बोर्ड आहेत. तिने त्यांना आपल्या फीडरांची नावं दिली. ती बैठकीत बसून नाव पुकारणार, मी जाऊन बटण दाबणार, परत येऊन "सोडली" म्हणणार. मधे ती आकडे सांगणार, ते लक्षात ठेवून बेरीज करत राहायची. फोन येणार, त्यावर बोलायचं. आणि एका बोर्डाखाली पायपुसण्यावर माझ्या चपला. तिथलं बटण दाबायचं नाही, कुणी कितीही ओरडलं तरी. त्याच बोर्डासमोरच्या फळीवर तिने मोबाइल उभा करून शूटिंग लावलं होतं.

संध्याकाळी केलं, एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत केलं. थोडं जड गेलं, दातओठ खाऊन करावं लागलं, पण बरोबर. मी पोरीला म्हणालो, "पाह्य. वसंता बहाने सांगते." एक वाजता शेवटची फेरी. मला उलट फार छान वाटत होतं, डोकं हलकं, हातपाय चपळ. अर्धा तास झाला. शीतलने जिन्याचा बोर्ड पुकारला. मी उठलो, गेलो, दाबला, आलो, "सोडली" म्हणालो. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी म्हणालो, "बोल ना पुढचं."

ती म्हणाली, "बाबा, तुमी स्वयंपाकघरातला दाबला."

"काहीतरीच. तिथं चपला हायेत माह्या."

तिने मोबाइल आणून दाखवला. वसंता, मी त्यात स्वयंपाकघरात जातो. चपलांकडे खाली बघतो. पायाने त्या बाजूला करतो, भिंतीपाशी नीट लावतो. मग पायपुसण्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहतो आणि बटण दाबतो. माझे डोळे टक्क उघडे आहेत. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी पोरीवर ओरडलो, की तू खोटं शूटिंग केलंस. मग पुन्हा पाहिलं. सात-आठ वेळा पाहिलं असेल. मग तिथेच खाली बसलो आणि रडलो. पोरीने मला कधी रडताना पाहिलं नव्हतं, हात गेला तेव्हासुद्धा.

तिने मला समजावलं ते मी आपल्या भाषेत सांगतो, तुला लगेच कळेल. काम अवघड असलं की जागलेला मेंदू लगेच हार मानत नाही. जो भाग थकतो त्याचा लोड शेजारच्या भागांवर टाकतो, आपण एका ट्रान्सफॉर्मरचा दुसऱ्यावर टाकायचो तसा. काही वेळ तो नेहमीपेक्षा जास्तच राबतो. बाहेरून माणूस ठीक दिसतो, त्याला स्वतःलाही ठीक वाटतं. मग शेजारचेही दमतात आणि दोन-चार सेकंद एखादा कोपरा बंद पडतो. डोळे उघडे, पाय चालते, हात चालता. सवय आपलं काम करत राहते. चुकतंय का हे बघणारा तेवढा नसतो.

आणि तुझी सवय काय होती? मॅटवर काही असेल तर बाजूला करून, दोन्ही पाय पूर्ण रबरावर ठेवल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. नव्या पोरांच्या पोटऱ्यांवर छडी मारून तू ते शिकवायचास. त्या दुपारी तू तुझ्या सुरक्षेचा नियम तंतोतंत पाळलास. चपला म्हणजे पंजाब, एवढंच तेवढ्या दोन-चार सेकंदांत कुठेतरी विझलं होतं. पाह्यनारा जाते, असं तू म्हणायचास. शंभरदा मी तुला हरवलं आणि बरोबर तू होतास.

शीतलने मग ट्रंक उघडली. माझ्या हाताच्या केसच्या वेळी वकिलाने चौकशीच्या सगळ्या नकला काढल्या होत्या. त्यात उपकेंद्राची लॉगशीटही होती, दर तासाला ऑपरेटर व्होल्टेज आणि अँपिअर लिहितो ती. नऊ वर्षं तो गठ्ठा माझ्याच घरात होता आणि मी तो फोटो सोडून काही पाहिलं नव्हतं. चार पाळ्यांची पानं होती. पहिली आणि चौथी तुझ्या नावावर. मधल्या दोन देवीदास ऑपरेटर आणि आणखी एकाच्या नावावर. पण इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारणारा आपल्याकडे एकच माणूस होता. चारही पाळ्यांत तीच रेघ. तू आदल्या दिवशी सकाळी आठला बसलास तो उठलाच नव्हतास.

पोरगी त्या पानांवर बोट फिरवत गेली. पहिली पाळी, आकडे छापल्यासारखे. तिसऱ्या पाळीत आकडे मोठे झालेले, इतके दाबून लिहिलेले की झेरॉक्समध्येही काळे आले आहेत, खोडून पुन्हा लिहिलेले. "इथं काका जोर लावून राहिले बाबा," ती म्हणाली. "पाहा, किती जीव लावला." मग चौथी पाळी. अकरा वाजल्यापासून चार रकान्यांत एकच आकडा, चार वेळा, अगदी सुंदर अक्षरात.

आणि प्रत्येक पाळीखाली साहेबांची सही.

हे कळलं त्याला दोन वर्षं झाली. मी तुझ्याकडे आलो नाही. एकदा निघालो होतो. गाडीत बसलो, मूर्तिजापूरला उतरलो, भजी घेतली आणि परतीच्या गाडीत बसून घरी आलो. तुझ्यासमोर उभं राहायचं म्हणजे माझा ठसा मागे घ्यायचा आणि नऊ वर्षांचा राग चुकीच्या माणसावर काढला हे कबूल करायचं. मला ते जमलं नाही. उद्या जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, पोरीचं लग्न ठरलं की पत्रिका घेऊन जाऊ. तू तेवढा थांबशील असं मी गृहीत धरलं. माझं चुकलं वसंता. तुझी चूक दोन-चार सेकंदांची, माझी दोन वर्षांची आणि पूर्ण जागेपणी केलेली.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला पोचलो. कुसुमवहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्यांना विचारलं, वसंताने कधी काही सांगितलं का? म्हणाल्या, "तुमाले काय सांगू भाऊजी. देवीदासले साहेबानं आपल्या घरच्या वास्तूच्या लायटिंगले नेलतं. तिसऱ्या ऑपरेटरची जागा तं खालीच होती. साहेब फोनवर म्हने, तू बस अन् त्याईची नावं टाकून दे, मी पाह्यतो." मग म्हणाल्या, "त्या दिसापासून ते झोपले नाईत. गोया घेतल्या, तरी नाईत. डोया लागला का दचकून उठत, अन् पायानं जमिनीवर काईतरी चाचपत." माझा शाप खरा झाला होता. मी जन्मात एकच शाप दिला आणि तो लागला, तुला.

तेरवीला साहेब आले. आता निवृत्त आहेत, पोट सुटलं आहे, केस रंगवतात. दारात आपले तपकिरी बूट काढून आत गेले. मी बाहेरच होतो. साधी गोष्ट होती. बूट उचलले आणि माझ्या पिशवीत टाकले, नकलांच्या खाली.

जेवणं झाली, चार लोक बोलले. साहेब उठले. म्हणाले, "वसंता माणूस लाख मोलाचा. एका डुलकीनं घात केला बिचाऱ्याचा." माना हलल्या. कुसुमवहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मी उठलो.

"साहेब, तुमच्या बंगल्याची वास्तू केव्हाची?"

त्यांना वाटलं कौतुक आहे. "झाली की अकरा वर्षं. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी होती, विसरणार नाही."

"लायटिंग लय भारी होती म्हन्ते."

"अरे, आपलीच पोरं! हा देवीदास तर दोन दिवस घरीच मुक्कामाला होता. काय रे?"

देवीदास तिथेच पंगतीच्या कडेला बसला होता. मी पिशवीतून पान काढलं, डाव्या हाताने वर धरलं. "मंग उपकेंद्रात त्याच दिवशी पाळी केलेला हा देवीदास कोन? अन् ह्या पाळीखाली सही कोनाची?"

वसंता, मांडवातल्या साऱ्या माना त्या पानाकडे वळल्या. साहेब म्हणाले, ही जागा नव्हे, हा प्रसंग नव्हे. मी म्हणालो, "हेच जागा. वसंता अकरा वर्षं अर्ज करत होता, त्याले तुमी कोन्ती जागा दाखवली?" मग माझ्या ठशाचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, वहिनींकडे बघून. ते साहेबांच्या पानापेक्षा जड होतं. देवीदास उठला. म्हणाला, "मी लिहून देतो. मी नव्हतो तठी. वसंताभाऊ एकटे होते." म्हणता म्हणता तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. अकरा वर्षं तोही गप्पच होता.

साहेब ताडताड बाहेर निघाले. बूट कुठेत, बूट कुठेत. वैशाखातली अकोल्याची दुपार. डांबर विरघळायला आलेलं आणि त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. ते मोज्यांवर निघाले. आधी चालले, मग उड्या मारत, मग चक्क पळाले. मी दारात उभा राहून पाहिलं, अगदी शेवटपर्यंत. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला तुझ्या त्या चहानंतर वाटलं नव्हतं.

माझा ठसा मी मागे घेतला आहे. नवा जबाब स्वतःच्या डाव्या हाताने लिहिला, तीन पानं, अक्षर वेडंवाकडं. देवीदासचं पान सोबत लावलं, लॉगशीट लावली. ती ओळ काढा, एवढीच मागणी. दाखल करून घेणारा म्हणाला, त्या वेळच्या साहेबांचं लेखी असेल तर काम होईल. ते मीही जाणून होतो.

साहेबांचे बूट माझ्या घरी आहेत. मीटरखाली एक जुना रबरी मॅटचा तुकडा टाकला आहे, त्यावर मधोमध. रोज फोन येतो. परवा आवाज चढवून आला, काल जरा मऊ आला. "पंजाब, त्या बुटांचं काय करणार आहेस?"

मी म्हणतो, "काईच नाई साहेब. मॅटवर ठेवले हायेत नीट. लेखी आना अन् घालून जा."

तो अठरा वर्षं आपल्या उपकेंद्राचा साहेब होता. मॅटवर पायताण आहे तोवर माणूस लाइनवर आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि हँडलपाशी या वेळी मी उभा आहे, वसंता. रोज साडेनऊला निजतो, साडेपाचला उठतो. माझी झोप पूर्ण झालेली आहे.